चाळा कीं स्वमग्नता?

पुण्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं सात-आठ वर्षांचा मुलगा एकाएकीं डोळे मिचकावूं लागला, मान झटकूं लागला, सर्दी नसतांना घसा खाकरूं लागला, म्हणजे प्रथम त्याला दटावण्यांत येई. दटावून चाळा थांबला नाहीं कीं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यांत येई; आणि तेथून फिरत फिरत तो एखाद्या मेंदूच्या तज्ज्ञापर्यंत पोंचलाच, तर केसपेपरवर एक लहानसा शब्द लिहिला जाई : 'टिक'. तो मुलगा आज चाळिशीला टेकला आहे. डोळ्यांचें मिचकावणें बहुधा केव्हांच ओसरलें. परंतु शाळेंत मित्र जमले नाहींत, चार माणसांच्या बैठकींत कोणत्या वेळीं हंसावें हें कधीं उमगलें नाहीं, ताटांतल्या वाट्यांची जागा बदललेली आजहि खपत नाहीं. पुढें भावाच्या मुलाला 'स्वमग्न' ठरविण्यांत येतें, आणि त्या लहानग्याचें वर्णन ऐकतांना घरच्या मंडळींना त्यांत एक जुनीच ओळख दिसूं लागते. मग प्रश्न निघतो : तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलेली ती टिक खरोखर टिकच होती, कीं ती स्वमग्नता होती?

प्रश्न वैद्यकाचा दिसतो खरा. परंतु त्याचें निम्में उत्तर इतिहासांत आहे. कोणत्या काळीं कोणतें नांव हाताशीं होतें, हें समजल्याविना जुन्या निदानाला चूक म्हणतां येत नाहीं आणि बरोबरहि म्हणतां येत नाहीं.

या दोन्ही विकारांच्या आरंभीं एकच वैद्य उभा आहे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. झां मार्क गास्पार इटार्ड हा पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेंतील डॉक्टर. इ. स. १८०० च्या जानेवारींत फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतांतील रानांतून सुमारें अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. त्याला भाषा नव्हती. तो बसल्या जागीं डुलत राही, माणसांच्या चेहऱ्याकडे पाहत नसे, पिस्तुलाच्या आवाजानें दचकत नसे आणि अक्रोड फुटल्याच्या आवाजाला मात्र वळून पाही. पिनेलसारख्या थोर वैद्यानें त्याला असाध्य मतिमंद ठरविलें. इटार्डनें तें मानलें नाहीं. त्यानें मुलाचें नांव व्हिक्टर ठेविलें, पांच-सहा वर्षें त्याला शिकविलें आणि १८०१ व १८०६ असे दोन अहवाल लिहिले. व्हिक्टर बोलूं शकला नाहीं. पण वस्तूंची क्रमवार मांडणी तो शिकला, लिहिलेले थोडे शब्द ओळखूं लागला, आणि मादाम गेरें या बाईच्या घरीं १८२८ पर्यंत जगला. हा मुलगा स्वमग्न असावा असें पुढें कित्येक अभ्यासकांनीं म्हटलें. रानांतील एकाकीपणानें तो तसा झाला असें इतरांनीं म्हटलें. दोन शतकांपलीकडच्या मुलाचें निदान आज खुर्चीवर बसून करणें धाडसाचें आहे, आणि वाद अजून मिटलेला नाहीं.

याच इटार्डनें १८२५ सालीं एका खानदानी स्त्रीची हकीकत छापली. ही दांपिएरची मार्कीज. वयाच्या सातव्या वर्षीं लिहितांना तिचा हात आंचके देऊं लागला. मग खांदा, मान, चेहरा. आणि पुढें बोलतां बोलतां मध्येंच किंकाळी किंवा असभ्य शब्द तोंडून निसटूं लागले. त्या शब्दांची तिला मनापासून लाज वाटे, आणि जितकी लाज वाटे तितके ते शब्द ओठांवर येत. सर्व टिकरोग्यांना असे अपशब्द येतात ही समजूत मात्र खरी नव्हे. तें लक्षण थोड्यांतच आढळतें.

व्हिक्टर आणि मार्कीज यांच्या हकीकती शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे आजच्या पेचाचा गाभाच हातीं लागतो. मार्कीजला लोक काय म्हणतील हें पुरेपूर कळत होतें. तिचें शरीरच तिचें ऐकत नव्हतें. व्हिक्टरचें शरीर त्याच्या ताब्यांत होतें. माणसांशीं असलेला धागाच त्याला सांपडत नव्हता.

इटार्डची एक वाट थेट महाराष्ट्रापर्यंत आली आहे. त्याचा शिष्य सेगें यानें मतिमंद मुलांच्या शिक्षणाची पद्धति बसविली. रोममध्यें तशाच मुलांबरोबर काम करणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंनीं इटार्ड व सेगें यांचे ग्रंथ स्वहस्तें उतरून काढून अभ्यासिले, आणि १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. ती पद्धति गिजुभाई बधेका यांच्या जोडीनें ताराबाई मोडक यांनीं प्रथम भावनगरला राबविली. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला ताराबाईंनीं ती आदिवासींच्या अंगणांत नेली. पुण्या-मुंबईच्या बालमंदिरांत ज्या मुलांनीं खरखरीत अक्षरांवरून बोट फिरविलें आणि दट्ट्यांच्या ठोकळ्यांशीं खेळ केला, त्यांच्या हातांत एका अर्थीं व्हिक्टरचींच खेळणीं होतीं. इटार्डची शिकविण्याची रीत आली, पण त्यानें टिपलेलीं लक्षणें मात्र मराठी घरांत आलीं नाहींत. त्या घरांपाशीं स्वतःचे शब्द होते.

ते शब्द पाहण्याजोगे आहेत. अंगाची नको ती हालचाल म्हणजे 'चाळा' किंवा 'खोड'. गवयाच्या तोंडावरची ती 'मुद्रादोष'. अधिक भयंकर दिसली तर 'बाधा', आणि मग मीठमोहऱ्या. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह सांगितले आहेत व त्यांच्या लक्षणांत डोळ्या-तोंडाच्या विकृत हालचालीहि येतात. परंतु तेथें बहुतेक वर्णन ताप, आंचके व मरणोन्मुख बालकाचें आहे, आणि त्यांत टिक शोधणाऱ्या उत्साही मंडळींनीं जरा जपून असावें हें बरें. दुसऱ्या बाजूला, जो मुलगा कोणांत मिसळत नाहीं, एकाच विषयाचा ध्यास घेतो, आगगाड्यांचें वेळापत्रक पाठ म्हणतो, त्याच्यासाठीं 'एककल्ली', 'घुम्या', 'तऱ्हेवाईक', 'विक्षिप्त' हे शब्द. पुणें तर विक्षिप्त माणसांचें कौतुक करणारें शहर. येथें प्रत्येक पेठेला असा एक तरी विद्वान अभिमानानें सांगतां येतो. याचा परिणाम असा झाला कीं, एकाच मुलाच्या ठिकाणीं दोन्ही प्रकारचीं लक्षणें असलीं तर चाळा तेवढा दवाखान्यांत गेला आणि एककल्लीपणा स्वभाव म्हणून घरींच राहिला. डॉक्टरांपुढें जें नेलें गेलें त्यालाच त्यांनीं नांव दिलें.

त्यांतहि त्या काळच्या डॉक्टरांपाशीं दुसरें नांव कितपत होतें? टिकची बाजू आधीं पाहूं. १८८५ सालीं पॅरिसच्या शार्कोच्या शिष्यानें, जॉर्ज जील द ला तूरेतनें, नऊ रोग्यांचा निबंध छापला. मार्कीजची हकीकतहि त्यांत घेतली. आणि गुरूनें त्या विकाराला शिष्याचें नांव दिलें. पण लगेच घसरण सुरू झाली. १९०२ सालीं मेज व फेंदेल यांनीं टिकवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा रोख असा कीं हा इच्छाशक्तीचा दुबळेपणा आहे. आरशासमोर निश्चल बसण्याचा सराव करवावा. आपल्याकडील आजोबांचा 'हात आवर, चाळे बंद कर' हा उपदेश याहून फारसा वेगळा नव्हता. पुढें मनोविश्लेषकांनीं त्यांत दडपलेल्या वासना शोधल्या. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत शपिरो दांपत्यानें हॅलोपेरिडॉल या औषधानें टिक आटोक्यांत येते हें दाखविलें, तेव्हां कोठें हा दोष मुलाच्या इच्छेचा किंवा आईबापांच्या वळणाचा नसून मेंदूच्या व्यापाराचा आहे हें मत रुजलें. औषध गुणकारी खरें. पण त्यानें येणारी गुंगी आणि अंगाचा ताठरपणा ज्यांनीं लहानपणीं भोगला, त्यांना 'निदान कोणतें होतें' हा प्रश्न नुसता जिज्ञासेचा राहत नाहीं.

स्वमग्नतेचें दार याहून उशिरां उघडलें आणि फार दिवस अरुंद राहिलें. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यानें प्रौढांच्या एका मनोविकारासंबंधानें घडविला. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवाबाईंनीं १९२५-२६ मध्येंच सहा मुलग्यांचें अचूक वर्णन केलें, पण तें वाचलें कोणी नाहीं. १९४३ सालीं बाल्टिमोरच्या लिओ कॅनरनें आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांवर निबंध लिहिला. दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स आस्पर्गरचा निबंध निघाला. नंतरचीं वीस वर्षें आईच्या कोरडेपणाला बोल लावण्यांत गेलीं. त्या आरोपाला १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ग्रंथ लिहून उत्तर दिलें. अमेरिकन मनोवैद्यांच्या विकारसूचींत बालपणींची स्वमग्नता व तूरेत विकार हीं दोन्ही नांवें १९८० सालीं स्वतंत्रपणें आलीं. तेथेंहि स्वमग्नतेची व्याख्या कडक होती : तीस महिन्यांच्या आंत आरंभ आणि भाषेची ठळक उणीव. जो मुलगा मराठी चौथीच्या पुस्तकांतली कविता घडाघडा म्हणतो त्याला त्या व्याख्येंत जागाच नव्हती. १९८१ मध्यें लोर्ना विंग या इंग्रज बाईंनीं आस्पर्गरचें काम उजेडांत आणलें, १९९४ मध्यें तें नांव सूचींत शिरलें, आणि २०१३ मध्यें सर्व प्रकार एका विस्तृत पट्ट्यांत घेण्यांत आले. तेव्हां १९८८ च्या सुमारास पुण्यांतील डॉक्टरांनीं बोलक्या मुलाला 'टिक' म्हटलें आणि पुढें कांहीं लिहिलें नाहीं, तर त्यांच्या हातीं जें पुस्तक होतें तें त्यांनीं नीट वाचलें होतें एवढेंच म्हणतां येईल.

सोयीहि तुटपुंज्या होत्या. मुंबईस १९३७ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र काढलें. पुण्यांत मतिमंद मुलांसाठीं 'कामायनी' १९६४ सालीं निघाली. केवळ स्वमग्न मुलांसाठीं 'प्रसन्न ऑटिझम सेंटर'सारखी संस्था निघण्यास यानंतर बराच काळ जावा लागला.

आतां ओळखावें कसें? टिक बहुधा पांच ते सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. ती क्षणिक, एकाएकीं येणारी असते. आज डोळ्यांत, चार महिन्यांनीं खांद्यांत, अशी ठिकाणें बदलते. कधीं वाढते, कधीं नाहींशी होते. मोठीं मुलें सांगतात कीं शिंक येण्यापूर्वीं नाक हुळहुळावें तशी आधीं एक ओढ वाटते. थोडा वेळ ती दाबतां येते, मग पुन्हां बाहेर पडते. स्वमग्न मुलाचें हात फडफडविणें किंवा डुलणें बहुधा तिसऱ्या वर्षापूर्वींचें असतें. तें तालबद्ध असतें, वर्षानुवर्षें तसेंच राहतें, आनंदांत वा गोंधळांत वाढतें, आणि मुलाला त्याची टोंचणी नसते. उलट त्यानें तें निवांत होतें.

सर्वांत फसवें लक्षण म्हणजे ऐकलेलें पुन्हां उच्चारणें. तूरेतच्या १८८५ च्या निबंधांत तें आहे आणि कॅनरच्या मुलांतहि आहे. फरक बारकाईनें ऐकल्यावर कळतो. टिकमध्यें तो शब्द बोलण्याच्या ओघांत खडा पडावा तसा पडतो. स्वमग्न मुलाला मात्र उसन्या वाक्यानें कांहीं सांगावयाचें असतें : पाणी हवें असतां तें आईचाच प्रश्न परत करतें, 'तुला पाणी हवंय का?' मराठींत तर क्रियापदाला लिंग असल्यामुळें आईचें बोलणें जसेंच्या तसें उचलणारा मुलगा 'मी येते' म्हणतो. घरांत हंसतात, आणि पुढें विसरतात. तें विसरलेलें वाक्यच पुढें तज्ज्ञाला हवें असतें. मोठ्या माणसाचें निदान करतांना त्याच्या चौथ्या वर्षाच्या आंतील हकीकत लागते. ती आईला, आत्याला किंवा बालमंदिरांतील बाईंनाच ठाऊक असते, आणि त्या हयात असेतोंच विचारतां येते.

शिवाय 'हें कीं तें' अशी ही निवड असेलच असेंहि नाहीं. दोन्ही विकार एकाच व्यक्तींत असूं शकतात, आणि स्वमग्न माणसांत टिक इतरांपेक्षां अधिक आढळते. म्हणजे जुनें निदान खोटें न ठरतां अपुरें ठरूं शकतें. उलट, नुसती टिक असलेला मुलगा वर्गांतील चेष्टेमुळें एकटा पडला, तर त्या एकटेपणाला स्वमग्नता म्हणणें हीहि चूकच. त्याला मित्र हवे असतात आणि मैत्री कशी करावी हेंहि कळतें. मित्रच दूर सरतात.

नांव बदलल्यानें कायद्याच्या दृष्टीनेंहि बरेंच बदलतें. अपंगांसंबंधींच्या १९९५ च्या कायद्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत ती आली, आणि २०१६ च्या कायद्यानें मानलेल्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळालें. सरकारी मोजणीच्या तक्त्यांत चाळीस बाबी असतात, त्यांत अंगाच्या पुनरावर्ती हालचालींचीहि एक आहे. प्रमाण चाळीस टक्के वा त्याहून अधिक भरलें तर नोकरी-शिक्षणाच्या सवलती लागू होतात. टिकचें नांव त्या एकवीस प्रकारांत नाहीं. म्हणून एकाच घरांत एक जण नवें निदान व्हावें म्हणून धडपडतो आणि दुसरा, बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे म्हणून, जुनी चिठ्ठीहि कपाटांत दडवून ठेवतो.

'स्वमग्न' हा शब्द आतां मराठींत चांगलाच रुळला आहे. वर्तमानपत्रांत येतो, संस्थांच्या पाट्यांवर येतो. टिकला मात्र अजून मराठी प्रतिशब्द बसलेला नाहीं. केसपेपरवर डॉक्टर 'टिक' लिहितात, आणि घरीं आल्यावर आजी विचारते, 'काय म्हणाले चाळ्याबद्दल?'