राज्ये गेली, रयत राहिली



कधी ठाण्याला गेलात तर मासुंदा तलावाच्या काठाने एक चक्कर मारा. काठावर कौपिनेश्वराचे देऊळ दिसेल. तिथून थोड्या अंतरावर सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेले चर्च आहे. त्याच शहरात बेने इस्राएल लोकांचे १८७९ सालचे प्रार्थनामंदिरही आहे. या साऱ्या ठिकाणी येणारी माणसे बाजारात एकमेकांशी मराठीत बोलत आली. मग प्रश्न असा पडतो, की धर्म वेगळा झाला म्हणजे माणूस परका होतो काय? ठाणे-कल्याणच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. तोच आज आपण थोडक्यात पाहू.

ख्रिस्ती धर्म आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या ग्रंथकाराने 'कल्लियाना' या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मबंधू ठाण्याला उतरले. तेथे धर्मावरून वाद होऊन ते मारले गेले. त्या प्रसंगाच्या हकिकतीतली एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. हे पाहुणे उतरले होते ते गावातल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. थोड्याच काळाने ठाण्याला आलेला ओडोरिक हा प्रवासी सांगतो, की तेथे ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. पंधराच घरे, बरं का! त्यांच्या पाठीशी ना फौज होती, ना ख्रिस्ती राजा.

मग १५३४ साल उजाडले. गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टीचे बेट पोर्तुगीजांच्या हवाली केले. ही साष्टी गोव्याची नव्हे. ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा मुलूख तो हा. आता मात्र धर्म आला तो राज्यसत्तेचा हात धरून. देवळे पाडली गेली, कोणी दडपणाखाली बाप्तिस्मा घेतला, कोणी लाभासाठी, तर कोणी श्रद्धेने. हे सारे घडले, आणि इतिहास सांगताना त्यातले काही झाकून ठेवू नये.

पण किती बदलले आणि किती तसेच राहिले, हेही पाहिले पाहिजे. नावे बदलली, आडनावे बदलली. भात लावणारा भातच लावीत राहिला, कोळी होडी घेऊन समुद्रावर जात राहिला. बायकांच्या अंगावरचे लुगडे सुटले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणण्याची रीत टिकली. नवे भात आले, की पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद मागायचा, तो 'आगेरा' आजही साजरा होतो. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवे धान्य आधी देवाला, ही त्याच्याही घरची चाल आहे.

धर्मोपदेशकांनाही लोकांच्या भाषेपुढे नमावे लागले. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, हे शिक्षकांना ठाऊक असेलच. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायंश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मराठी पुराण रचले व ते १६५९ साली लिस्बनला छापले गेले. लिपी रोमन, छापखाना पोर्तुगालातला, आणि ओव्या मराठी!

पुढे खरी परीक्षा आली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी आणि बडे जमीनदार निघून गेले. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे. ज्या सत्तेने या लोकांना धर्म दिला ती सत्ताच गेली, तेव्हा तो धर्मही तिच्यामागे जाईल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. वसईच्या तहात मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. शेतकरी नि कोळी कुठे जाणार? त्यांची शेते इथे, होड्या इथे, वाडवडील इथल्याच मातीत पुरलेले. ते राहिले. मराठी राज्यात मराठी बोलणारी ख्रिस्ती रयत म्हणून राहिले.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. मुंबईत नोकऱ्या निघाल्या आणि त्यांसाठी गोव्याकडून व मंगळुराकडूनही ख्रिस्ती उमेदवार येऊ लागले. इथल्या ख्रिस्त्यांनाही लोक 'पोर्तुगीज'च म्हणत. म्हणजे आपल्याच गावात परदेशी ठरण्याची पाळी! तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव चालू असताना, या समाजाची मंडळी मुंबईत एकत्र आली. त्यांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली आणि समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन, नव्याने आलेले नव्हे, असा त्याचा मतलब. पश्चिम किनाऱ्यावरचे लोक 'ईस्ट' इंडियन कसे, याचा उलगडा यात होतो.

त्या सभेने समाजाला एकी दिली, नोकऱ्यांत दाद मागायला आधार दिला. पण ज्या कंपनीवरून हे नाव घेतले, तिचे राज्य १८५८ सालीच आटोपले होते! उपकाराला नाव पडले सत्तेवरून, पण समाजाला जागा होती ती भाषेत आणि शेतात.

हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने आलेल्या एका माणसालाही छळत होता. नारायण वामन टिळक, जन्म १८६१. लहानपणी काही वर्षे ते कल्याणला शाळेत होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ख्रिस्ताकडे जायला मराठीपण सोडावे लागत नाही, हे त्यांना दाखवायचे होते.

याच्याशी ताडून पाहण्याजोगा एक पंथ युरोपात निघाला. १५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवले, की बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या निश्चयाने घ्यायचा आणि धर्म राज्याच्या हाती ठेवायचा नाही. पुढे मेनो सायमन्स या पुढाऱ्यावरून त्यांतल्या अनेकांना मेनोनाइट म्हणू लागले. ते शस्त्र धरीत नसत. छळ झाला की देश सोडीत. त्यांच्यातले अमेरिकेतले मिशनरी १८९९ साली धमतरीला, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, येऊन राहिले. लगेच मोठा दुष्काळ पडला. भुकेल्यांना अन्न आणि पोरक्या मुलांना आसरा देता देता तिथली मंडळी वाढली. ठाण्याकडे धर्म राज्याबरोबर आला, धमतरीला राज्याशी अंतर राखणाऱ्यांबरोबर. पण दोन्हीकडे तो टिकला तो गावातल्या माणसांनी तो आपलासा केला म्हणून.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती करून संपवतो. आज कल्याण-डोंबिवलीत कोकणातले, घाटावरचे, खानदेशातले, परप्रांतांतलेही लोक शेजारी राहतात. ठाण्याकडची जुनी गावठाणे उंच इमारतींच्या गराड्यात सापडली आहेत. आपल्या वर्गातही निरनिराळ्या धर्मांची मुले असतील. त्यांना सांगा, घरी जाऊन आजीला विचारा : नवे भात आले की तुमच्याकडे काय करीत? लग्नाचे पाणी कुठून आणीत? उत्तरे वहीत उतरून आणा. फळ्यावर ती शेजारी शेजारी लिहा आणि त्यांतल्या कोणत्या ओळी सारख्या आहेत, ते मुलांनाच शोधू द्या.