तोतयामागे तोतया : घटक-चाचणीतील 'मॉक' ऑब्जेक्ट आणि गुणधर्मांची साखळी

संगणकाची मोठी आज्ञावली शेकडो लहान भागांची बनलेली असते. त्यातील प्रत्येक भाग इतरांपासून वेगळा काढून तपासण्याच्या पद्धतीला 'युनिट टेस्टिंग' अर्थात घटक-चाचणी म्हणतात. केंट बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक या भाषेसाठी तयार केलेल्या साधनातून ही पद्धत आकाराला आली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक व एरिश गामा यांनी जावा भाषेसाठी 'जेयुनिट' लिहायला घेतले आणि पुढे ती जगभर रूढ झाली. आज बँकिंग, विमा वा ऑनलाइन खरेदीच्या आज्ञावलींत अशा हजारो चाचण्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालतात. सर्व चाचण्यांचा दिवा हिरवा झाला की नवी आवृत्ती ग्राहकापर्यंत जाते. त्यामुळे या हिरव्या दिव्यावर किती भरवसा ठेवायचा, हा केवळ प्रोग्रॅमरचा प्रश्न राहत नाही.

भाग वेगळा काढायचा तर त्याच्या आजूबाजूच्या भागांच्या जागी कोणीतरी उभे करावे लागते. डेटाबेस, बँकेचा सर्व्हर, टपाल खात्याची माहितीप्रणाली यांना प्रत्येक चाचणीच्या वेळी खरोखर कामाला लावणे वेळखाऊ असते, कधी धोक्याचेही. म्हणून त्यांच्यासारखे दिसणारे, पढवलेली उत्तरे देणारे नकली ऑब्जेक्ट वापरतात. जेरार्ड मेसारोस यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात त्यांना 'टेस्ट डबल' असे सामाईक नाव दिले. चित्रपटात नायकाऐवजी उडी मारणाऱ्या डुप्लिकेटवरून ते घेतलेले आहे. त्यांनी या नकलांचे डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक असे पाच प्रकार सांगितले असले तरी व्यवहारात सगळ्यांनाच सरसकट 'मॉक' म्हटले जाते. मराठीत याला 'तोतया' हा शब्द चपखल बसतो. पानिपतानंतर उभा राहिलेला भाऊसाहेबांचा तोतया पढवलेले तेवढेच बोलू शकत होता. मॉकचेही तसेच असते.

खरा पेच उभा राहतो तो एका ऑब्जेक्टच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा असतो तेव्हा. ऑनलाइन दुकानातील पार्सलचा खर्च काढणारे एक फंक्शन घेऊ. त्याला मागणी, म्हणजे ऑर्डर, दिली जाते. ते 'ऑर्डर.ग्राहक.पत्ता.पिनकोड' अशी साखळी चालत जाऊन पिनकोड मिळवते आणि त्याच्या पहिल्या अंकावरून टपाल विभाग ठरवते. (पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक ४ असल्यास पत्ता महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगड या पट्ट्यातला असतो.) या फंक्शनला हवा आहे फक्त एक पिनकोड. पण चाचणीसाठी ऑर्डरचा तोतया उभा करावा लागतो; त्याने ग्राहकाचा तोतया पुढे करायचा, त्याने पत्त्याचा, आणि मग कुठे पिनकोड हाती यायचा.

पायथन भाषेत हे काम फसवे वाटावे इतके सोपे आहे. मायकेल फोर्ड यांनी लिहिलेली 'मॉक' लायब्ररी २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर भाषेच्या मूळ संचात समाविष्ट झाली. तिच्यातील मॉकला कोणताही गुणधर्म विचारा, तो 'नाही' म्हणत नाही. त्या नावाचा नवा मॉक जागच्या जागी तयार करून देतो आणि पुढच्या वेळी तोच परत करतो. त्यामुळे 'ऑर्डर.ग्राहक.पत्ता.पिनकोड' या साखळीला एका ओळीत किंमत देता येते. मधले सगळे तोतये आपोआप जन्माला येतात. वाटेत एखादे फंक्शन असेल, तर त्याच्या 'रिटर्न व्हॅल्यू' या गुणधर्मावर पुढची साखळी बांधायची, एवढाच फरक.

या होकाराची किंमत मात्र मोजावी लागते. चाचणीत 'पिनकोड'ऐवजी चुकून 'पिन' लिहिले, तरी मॉक तक्रार करत नाही. 'ग्राहक.बंदी' असा गुणधर्म पढवायचा राहिला, तर तेथे मिळणारा कोरा मॉक पायथनच्या दृष्टीने 'सत्य' ठरतो आणि प्रत्येक ग्राहकावर बंदी असल्यासारखे वर्तन होते. 'मॅजिकमॉक' या प्रकाराचे पूर्णांकात रूपांतर केले की १ हा आकडा मिळतो. म्हणजे न पढवलेले वजन बिनबोभाट एक किलो ठरू शकते, आणि बेरीज पटण्यासारखी दिसल्याने शंकाही येत नाही. तपासणीच्या आज्ञेचे स्पेलिंग चुकल्यास तीही एक नवा मॉक समजली जाई आणि काहीच न तपासता चाचणी उत्तीर्ण होई. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून 'असर्ट' आणि त्याच्या एका नेहमीच्या चुकीच्या स्पेलिंगने सुरू होणाऱ्या अनोळखी नावांना अटकाव करण्यात आला आणि पुढच्या आवृत्त्यांत ही यादी वाढत गेली.

यावर उपाय म्हणून मॉकला खऱ्या वर्गाचा साचा, म्हणजे 'स्पेक', देता येतो. मग साच्यात नसलेला गुणधर्म विचारल्यास चूक दाखवली जाते. पण साधा 'स्पेक' फक्त सर्वांत वरच्या थराची राखण करतो. ऑर्डरला साचा दिला, तरी तिच्या पोटातले ग्राहक व पत्ता मोकाटच राहतात. 'ऑटोस्पेक' हा प्रकार आतल्या थरांपर्यंत जातो, मात्र वर्गाच्या रचनाकारात, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना, बहाल होणारे गुणधर्म त्याला दिसत नाहीत. नेमके ग्राहक आणि पत्ता बहुधा तेथेच बहाल होतात. मग घाईतला प्रोग्रॅमर साचाच काढून टाकतो.

जावामध्ये परिस्थिती उलट आहे. तेथील 'मॉकिटो' या लोकप्रिय लायब्ररीतील मॉक न पढवलेल्या प्रश्नाला सामान्यतः 'नल' म्हणजे शून्यवत उत्तर देतो आणि साखळीच्या दुसऱ्या कडीवरच चाचणी कोसळते. म्हणून प्रत्येक कडीसाठी वेगळा मॉक लिहावा लागतो किंवा 'डीप स्टब्स' ही सोय वापरावी लागते. तिच्यामुळे मधल्या कड्या आपोआप बनतात. या सोयीच्या अधिकृत माहितीतच इशारा आहे की, स्वच्छ कोडला तिची गरज क्वचितच भासावी. एका मॉकने दुसरा मॉक परत केला की एक परी मरते, अशा अर्थाची कोटीही तेथे नोंदवलेली आहे. ग्रंथकर्त्यांनीच आपल्या साधनावर असा शेरा मारावा, हे विरळाच.

जावास्क्रिप्टमध्ये वेगळीच खोच आहे. तेथे नकली ऑब्जेक्ट महिरपी कंसात सरळ लिहिता येतो, त्यामुळे खास लायब्ररीची गरज कमी. पण एकच नमुना ऑर्डर अनेक चाचण्यांना पुरवताना तीन टिंबांच्या चिन्हाने तिची प्रत काढली, तर फक्त बाहेरचा थर नवा होतो. आतला पत्ता दोन्ही प्रतींत एकच राहतो. एका चाचणीने पिनकोड बदलला की पुढची चाचणी विनाकारण नापास होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे विनाकारण उत्तीर्ण होते. प्रत्येक चाचणीसाठी संपूर्ण ऑब्जेक्ट नव्याने बांधून देणारे छोटे फंक्शन लिहिणे, हाच त्यावरचा भरवशाचा मार्ग.

पिनकोडच्या उदाहरणात एक मोठा धोका दडलेला आहे. चाचणी लिहिणाऱ्याने मॉकला ४११००४ हा आकडा पढवला. फंक्शन त्याला एक लाखाने भागून पहिला अंक काढते. चाचणी हिरवी. प्रत्यक्षात मात्र ग्राहकाने 'पिनकोड' मजकूर म्हणून, मध्ये जागा सोडून, '४११ ००४' असा भरलेला असतो. मजकुराला भागता येत नाही आणि आज्ञावली खऱ्या ग्राहकासमोर बंद पडते. तोतयाने खोटे सांगितले नाही. त्याला पढवलेच तसे होते. दोन भागांच्या सांध्यावरील अशी चूक किती महाग पडते, याचा दाखला 'नासा'च्या मार्स क्लायमेट ऑर्बायटरने २३ सप्टेंबर १९९९ रोजी दिला. एका बाजूची आज्ञावली पाउंड-फोर्सच्या मापात आकडे देत होती, दुसरी ते न्यूटनचे समजत होती, आणि यान मंगळाजवळ नाहीसे झाले. तो अपघात मॉकमुळे झाला नव्हता; पण आपली समजूत हीच समोरच्याची समजूत आहे असे गृहीत धरणे दोन्हीकडे सारखेच आहे.

शोध लागला तो साखळी टाळण्यासाठी

या कथेतील विरोधाभास इतिहासात डोकावल्यावर कळतो. मॉक ऑब्जेक्टची कल्पना लंडनमधील कनेक्स्ट्रा या कंपनीत १९९९ च्या सुमारास पुढे आली. तेथील तंत्रप्रमुख जॉन नोलन यांनी सहकाऱ्यांना आव्हान दिले होते की, 'गेटर' न वापरता, म्हणजे ऑब्जेक्टच्या पोटातील गोष्टी बाहेर न काढता, कोड लिहून दाखवा. पोटात डोकावता येत नसेल, तर ऑब्जेक्टने काम बरोबर केले हे तपासायचे कसे? त्याच्या शेजाऱ्याच्या जागी नकली शेजारी ठेवायचा आणि त्याच्याशी काय बोलणे झाले ते पाहायचे, असे उत्तर निघाले. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० मध्ये इटलीतील सार्डिनिया बेटावरच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. म्हणजे जे साधन दुसऱ्याच्या पोटात हात घालण्याची सवय मोडण्यासाठी जन्मले, तेच आज त्या सवयीला टेकू देण्यासाठी सर्रास वापरले जाते.

ही सवय वाईट का, हे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ मध्ये मांडल्या गेलेल्या 'डिमिटरच्या नियमा'त सांगितले आहे. आपल्या लगतच्या ऑब्जेक्टशी बोला, त्याच्या परिचितांच्या परिचितांशी नको, असा त्याचा मथितार्थ. डेव्हिड बॉक यांनी त्यासाठी दिलेले पेपरवाल्या मुलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. महिन्याचे बिल घ्यायला आलेला मुलगा गिऱ्हाइकाकडे पैसे मागतो. त्याच्या खिशातले पाकीट काढून स्वतः नोटा मोजून घेत नाही. खर्च काढणारे फंक्शन नेमके हेच करत असते. उद्या भेटवस्तूंची सोय सुरू झाली आणि पत्ता ग्राहकाऐवजी ऑर्डरला जोडला गेला, तर ज्याचा या बदलाशी संबंध नाही ते फंक्शनही मोडेल. पायथनमध्ये ते दुरुस्त करायचे राहून गेले, तर त्याची चाचणी मात्र जुन्याच साखळीचे तोतये उभे करून हिरवी राहील.

म्हणून साखळीतील मॉक कसा लिहावा या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा चाचणीत नसून मूळ कोडमध्ये असते. फंक्शनला ऑर्डरऐवजी थेट पिनकोड आणि वजन दिले की मॉकची गरजच उरत नाही. ते शक्य नसेल, तर ऑर्डरलाच 'पोहोचवण्याचा पिनकोड' विचारता यावा; मग पढवायची कडी एकच. यालाही मर्यादा आहेतच. प्रत्येक गुणधर्मासाठी असे मध्यस्थ लिहित गेल्यास ऑर्डरचा वर्ग निरोप्यांनी भरून जातो. शिवाय पत्ता, तारीख, रक्कम यांसारखे निव्वळ माहिती वाहणारे ऑब्जेक्ट किंवा बाहेरून आलेली रचनाबद्ध माहिती वाचताना लांब साखळी हा दोष मानण्याचे कारण नाही. तेथे मॉक न करता खरा ऑब्जेक्टच तयार करावा. तो स्वस्त असतो आणि खोटा होकार देत नाही. पिनकोडचा स्वतंत्र वर्ग केला आणि त्याने सहा अंक तपासूनच आत घेतले, तर वरची चूक चाचणी लिहितानाच उघड झाली असती.

फ्रीमन व नॅट प्राइस यांनी २००९ च्या ग्रंथात, जे आपल्या मालकीचे नाही त्याचा मॉक करू नये, असे सुचवले आहे. बाहेरच्या कंपनीच्या लायब्ररीवर आपले एक पातळ आवरण घालावे, मॉक त्या आवरणाचा करावा, आणि खुद्द आवरणाची चाचणी खऱ्या प्रणालीशी जोडून घ्यावी. ती चाचणी सावकाश चालते, म्हणून ती वेगळी ठेवून दिवसातून एखाद्या वेळी चालवली तरी चालते. जुन्या, कोणी हात न लावलेल्या कोडचा प्रश्न निराळा. तेथे बदल करण्यापूर्वी काहीतरी चाचणी हवीच असते आणि ती लिहायला 'डीप स्टब्स' किंवा पायथनची आपोआप वाढणारी साखळी उपयोगी पडते. इमारतीच्या डागडुजीसाठी बांधलेल्या परांचीसारखा तिचा वापर करून, कोड सुटा झाला की त्या चाचण्या नव्याने लिहिल्या जातात.