कोडमधले ६० आले कुठून?

डाउनलोडला ५००० सेकंद उरलेत. पायथनमध्ये मी त्याला आधी ३६०० ने भागतो; बाकी १४०० राहते, तिला ६० ने. उत्तर: १ तास, २३ मिनिटं, २० सेकंद.

पण १०० ऐवजी ६० का? बाबिलोनचे लोक ६० च्या पटीत मोजायचे. ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी भाग जातो. आपल्याकडेही दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं.

फ्रान्सने १७९३ मध्ये कायदाच केला: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं. कोड किती सोपा झाला असता! पण लोकांची घड्याळं आणि सवय जुनीच. १७९५ मध्ये सक्ती थांबवावी लागली.

राजा गेला, ६० राहिले. आजही आपण त्यानेच भागतोय.