फुलांची सेवा व तिचा पुरावा

कर्जतनजीक, राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत कोंडाणें म्हणून जें बौद्ध लेणें आहे, त्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारीं ब्राह्मी लिपींतील एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच त्याचा आशय. लेण्यांतील लेख बहुधा दात्यांचे असतात; अमक्या गांवच्या व्यापाऱ्यानें खांब दिला, तमक्या भिक्षुणीनें टांकें दिलें, असा त्यांचा सांचा ठरलेला आहे. येथें मात्र देण्याची गोष्ट नसून करण्याची आहे. ज्याच्या हातून काम झालें त्याचें नांव इसवी सनापूर्वीपासून या डोंगरांत टिकलें, याचें कारण उघड आहे. तो दगडावर काम करीत होता.

फुलांवर काम करणाऱ्यांचें काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत मांडावयाचा आहे. कर्जत व खालापूर या तालुक्यांचा इतिहास म्हटला कीं २ फेब्रुवारी १६६१ ची उंबरखिंडीची लढाई, बोरघाटाची वाट आणि खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव, एवढ्यावर आपली लेखणी थांबते. महड येथील वरदविनायकाचें देऊळ १७२५ सालीं रामजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें अशी परंपरा आहे, व तेथील नंदादीप १८९२ पासून तेवत असल्याचें सांगतात. बांधविणाराचें नांव आहे, दिव्याचें सालही आहे. पण त्याच देवापुढें पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं हार गुंफले, मखरें सजविलीं, त्यांच्याविषयीं अशी परंपराही कोणी सांगत नाहीं.

या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यास एक परदेशची चाल कारण झाली. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं पासाडेना नामक नगरांत १ जानेवारी १८९० रोजीं तेथील व्हॅली हंट क्लब या मंडळीनें फुलांनीं शृंगारलेल्या घोडागाड्यांची मिरवणूक काढली. हिंवाळ्यांतही आमच्या बागा फुललेल्या असतात, हें बर्फांत गारठलेल्या पूर्वेकडील देशबांधवांस दाखवावें हा हेतु. १८९५ पासून तिची व्यवस्था एका स्वतंत्र संस्थेकडे गेली. पहिल्या वर्षीं लोकांनीं आपल्याच गाड्या सजविल्या होत्या. पुढें गाड्यांचे प्रचंड चित्ररथ झाले व ते बांधण्याचा धंदाच निर्माण झाला. (चित्ररथ हा मूळचा गंधर्वांचा राजा, आमच्या वर्तमानपत्रांनीं त्यास चाकें लाविलीं.) रथाचा जो भाग दृष्टीस पडतो तो सारा फुलें, पानें, बिया, साली अशा वनस्पतिजन्य पदार्थांनींच झांकलेला असला पाहिजे, असा तेथील दंडक आहे. हें काम यंत्राचें नव्हे. धान्य, बिया आणि वाळलेल्या पाकळ्या आधीं डिंकासारख्या लुकणानें चिकटवितात. ताजी फुलें पाण्याच्या लहान नळ्यांत एकेक खोंचून डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत बसवितात. यास हजारों हात लागतात, आणि ते पुष्कळ अंशीं विनावेतन येतात.

त्या हातांत ख्रिस्ती मंडळ्यांचा भाग मोठा आहे. लुथरपंथीयांचा स्वतःचा रथ १९५१ सालीं प्रथम निघाला. त्यांच्या स्वयंसेवकांच्या पथकास 'पेटल पुशर्स', म्हणजे पाकळ्या ढकलणारे, असें थट्टेचें नांव पडलें आणि तेंच त्यांनीं मिरविलें. चर्चचा या मिरवणुकीशीं संबंध त्याहून जुना आहे. १८९३ पासून असा नियम झाला कीं, १ जानेवारीस रविवार आल्यास मिरवणूक दुसऱ्या दिवशीं काढावी. कारण प्रार्थनामंदिरांबाहेर बांधलेले घोडे बुजतील. घोडे केव्हांच गेले, नियम मात्र राहिला.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व आमच्याकडे पूर्वींच होतें, आणि अमरकोशांतील पुष्परथाकडे बोट दाखवील. त्यास सावध करणें अवश्य आहे. अमरसिंहानें द्वितीय कांडांत, क्षत्रियवर्गांत, हा शब्द जो दिला आहे तो युद्धाकरितां नसलेल्या चाकांच्या वाहनाकरितां. त्यावर फुलें असत असें तो म्हणत नाहीं. शिवाय याच शब्दाचा 'पुष्यरथ' असाही पाठ आहे. अयोध्याकांडांत अभिषेकावांचून परतलेल्या रामास सीता ज्या अग्रगामी रथाविषयीं विचारते, त्याच्या नांवांतही हाच घोळ आहे. ज्यानें जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यास ष्प आणि ष्य यांतील अंतर बोरूच्या एका फटकाऱ्याचें आहे, हें सांगावयास नको. अशा अक्षरावर फुलांच्या रथाची परंपरा उभारणें हें संशोधन नव्हे. फुलांची तीच गोष्ट. दसऱ्यास कर्जतच्या दारोदारीं जो झेंडू लागतो तो मेक्सिकोकडचा. पासाडेनाचा तो आपल्यापेक्षां जवळचा शेजारी आहे.

आपल्याकडे खरें साम्य आहे तें सेवेंत, आणि भेदही तेथेंच आहे. गांवगाड्यांत देवळाची झाडलोट करणें, बेलफूल व पत्रावळी पुरविणें हें गुरवाचें काम. माळी कांहीं याद्यांत अलुत्यांत येतो. म्हणजे फुलें वाहणें हा हक्क होता, त्यास इनाम वा बलुतें जोडलेलें असे, आणि हक्क आला कीं तंटा आला. पालखीस पहिला खांदा कोणाचा, मानाचा विडा कोणास, याविषयींचे महजर व निवाडपत्रें आपल्या संग्रहांत किती तरी आहेत. परंतु हक्कावांचून, केवळ भक्तीनें जे हात लागत, त्यांच्यासंबंधीं कोणी भांडलें नाहीं, म्हणून कागदही झाला नाहीं. भाद्रपदांत कोंकणच्या मुली व सुवासिनी तेरड्याचीं रोपें आणून गौर उभी करितात, ती किती शतकें, याचा पुरावा कोणत्या दप्तरांत मिळावयाचा? तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि गौरही तितकेच दिवस. पासाडेनास मात्र प्रत्येक रथाचें नांव, वर्ष व बक्षीस यांची नोंद राहते. पाकळी चिकटविणाराचें नांव तेथेंही बहुधा नसतेंच, पथकाचें नांव तेवढें उरतें. हा उणा अधिक भेद अमेरिकेच्या श्रीमंतीचा नसून टिपण ठेवण्याच्या संवयीचा आहे.

तेव्हां संग्राहक सभासदांस एवढीच विनंति कीं, कर्जत, नेरळ, खालापूर, चौक या बाजूंच्या घरांतून रुमाल सोडतांना सनदा व निवाडे निवडून बाकीचे कागद रद्दींत टाकूं नयेत. उत्सवखर्चाच्या यादींत फुलें, दोरा, केळीचे खांब, आंब्याचे टाहाळे अशीं कलमें असतात व त्यांपुढें आणे-पै घातलेले असतात. ज्या वर्षीं हारांची मजुरी लिहिली नसून दोरा मात्र विकत घेतलेला आहे, त्या वर्षीं हार फुकट गुंफले गेले असावेत, असें अनुमान करण्यास जागा आहे. असे कागद एकाच देवस्थानचे पांचपन्नास वर्षांचे सलग मिळाल्यास मजुरीचें कलम केव्हां आलें व केव्हां गळलें तें काढतां येईल. यादीच्या पाठीवर कधीं कधीं जेवावयास बसलेल्यांचीं नांवेंही लिहिलेलीं असतात. तीं अवश्य उतरून घ्यावीं.