जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायचंय? मग हार्ड डिस्क कोणती घ्यावी?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबतं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. दुसरीकडे जालन्याच्या मोंढ्यातली टॅली आणि अंबड, परतूरच्या डीटीपी सेंटरमधली श्री-लिपी यांसारख्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागतं. अशा वेळी विंडोज तसंच ठेवायचं आणि बँकिंग, ईमेल, ब्राउझिंगसाठी शेजारी लिनक्स टाकायचं, हा मार्ग उरतो. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात.

वेगळी डिस्क कशाला?

एकाच डिस्कचे दोन भाग करूनही ड्युअल बूट होतं. पण पार्टिशन करताना चुकीचा भाग निवडला, तर सगळा डेटा जाऊ शकतो. वेगळी डिस्क असेल तर लिनक्स टाकताना जुनी डिस्क काढून ठेवता येते. डेस्कटॉपमध्ये तिची केबल काढली तरी पुरे. म्हणजे तिला धक्काच लागत नाही. नंतर दोन्ही जोडून, कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेनूमधून हवी ती सिस्टीम निवडायची. त्यासाठीचं बटण कंपनीनुसार एफ९, एफ११ किंवा एफ१२ असं बदलतं.

आधी जागा पाहा, मग डिस्क घ्या

• डेस्कटॉप : मदरबोर्डवर मोकळा साटा पोर्ट आणि पॉवर सप्लायची मोकळी वायर असेल, तर २.५ इंची साटा एसएसडी सहज बसते.
• एम.२ स्लॉट असलेला लॅपटॉप : एम.२ हा फक्त आकार आहे. काही स्लॉट साटा चालवतात, काही एनव्हीएमई, तर काही दोन्ही. लॅपटॉपचं मॉडेल पाहूनच घ्या.
• डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप : ड्राइव्ह काढून तिथे ‘कॅडी’ बसवता येते. तिची जाडी ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर असते. मोजल्याशिवाय मागवू नका.
• कुठेच जागा नसेल तर : यूएसबी ३ ची बाहेरून जोडायची एसएसडी. लिनक्स तिच्यावर चालतं. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर मात्र यूएसबी डिस्कवर विंडोज टाकू देत नाही.

एचडीडी की एसएसडी?

फिरत्या तबकडीची एचडीडी सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत. खरा फरक मात्र लहान लहान फाइल उघडताना जाणवतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम सतत तेच करत असते. एनव्हीएमई याहूनही वेगवान असते, पण जुन्या मदरबोर्डवर अॅडॉप्टर लावूनही तिच्यावरून बूट होईलच असं नाही. म्हणून सिस्टीमसाठी साटा एसएसडी आणि बॅकअपसाठी एचडीडी, ही विभागणी जुन्या कॉम्प्युटरला सोयीची.

किती जीबी?

उबंटूसाठी २५ जीबी जागा सुचवली जाते. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागते, पण १०० जीबी असावी अशी शिफारस आहे. रोजच्या वापराला २५६ जीबी पुरते.

खरेदी करताना

बिल आणि वॉरंटी घ्या. वापरलेली डिस्क घेत असाल, तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या सॉफ्टवेअरने तिची तब्येत आणि ती किती तास चालली आहे ते पाहा. अगदी कवडीमोल भावात ‘१६ टीबी’ची पोर्टेबल एसएसडी दिसली, तर ती टाळाच. अशा बनावट डिस्क क्षमता खोटी दाखवतात आणि त्यात भरलेल्या फाइल नंतर उघडत नाहीत.

लिनक्स टाकण्याआधी

१. हिशेब, फोटो, कागदपत्रं यांचा बॅकअप तिसऱ्या ठिकाणी घ्या. जुनी डिस्क काढून ठेवली तरीही.
२. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
३. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर विंडोजची डिस्क लिनक्समधून नीट वापरता येत नाही.
४. विंडोज ज्या मोडमध्ये आहे, म्हणजे यूईएफआय किंवा लेगसी, त्याच मोडमध्ये लिनक्स टाका.
५. मध्येच लाइट गेली तर इन्स्टॉलेशन अर्धवट राहतं. डेस्कटॉपला यूपीएस हवा, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सच्या सेटिंगमध्ये हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलं की दोन्हीकडे वेळ बरोबर दिसते.