पांढऱ्या सोन्याचा पिवळेपणा

यवतमाळ जिल्ह्यात कापसाला पांढरं सोनं म्हणतात. पण मूठभर रुई कोऱ्या कागदावर ठेवून पाहा. ती पांढरी नसते, सायीसारखी पिवळसर असते. धाग्याची लांबी आणि ओलाव्याच्या जोडीनं भाव ठरतो तो या पिवळसरपणावरही.

वेचणी सुरू करताना सीतादहीची पूजा करून घेतलेला पहिला वेचा उजळ असतो. पुढे फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला, की बुरशीनं कापूस करडा, मळकट होतो. गुलाबी बोंडअळी लागलेल्या बोंडातला किडका कापूस, म्हणजे कवडी, मात्र पिवळी, डागाळलेली निघते. हे दोन दोष वेगळे आहेत. एकात चमक जाते, दुसऱ्यात रंग चढतो. ग्रेडरची नजर दोन्हींची गोळाबेरीज करून एकच प्रत सांगायची. 1972 साली महाराष्ट्रात सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हाही निवाडा डोळ्यांचाच होता. आणि ढगाळ दुपारी तोच कापूस सकाळच्या उन्हातल्यापेक्षा मळका दिसतो.

ही गोळाबेरीज सोडवण्याची वाट अमेरिकेतल्या एका चित्रकारानं दाखवली होती. बोस्टनचे कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 साली रंगाची तीन अंगं वेगळी मांडली: छटा, उजळपणा आणि तीव्रता. त्यांच्या नावाच्या कंपनीत काम केलेल्या डोरोथी निकर्सन 1927 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात गेल्या आणि कापसाचा रंग मोजू लागल्या. कापसाची छटा जवळपास एकच, पिवळी. बदलतो तो उजळपणा आणि पिवळ्याची तीव्रता. म्हणजे तीनऐवजी दोनच आकडे पुरतात. रिचर्ड हंटर यांच्यासोबत त्यांनी 1950 च्या सुमारास त्यासाठी यंत्र घडवलं. परावर्तित उजेडाचा आकडा 'आरडी', पिवळेपणाचा 'प्लस बी'. आज गिरण्यांना मिळणाऱ्या एचव्हीआय या यंत्र-तपासणीच्या अहवालात हेच दोन आकडे असतात. आरडी घसरला तर पाऊस किंवा कचरा, प्लस बी चढला तर कवडी किंवा लांबलेली साठवण, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पण यंत्रापुढे जाते ती सरकी काढलेली रुई, म्हणजे कापूस कास्तकाराच्या हातून गेल्यावर. बाजाराच्या यार्डातल्या गाडीचा भाव आजही मुख्यतः नजरेवरच ठरतो, आणि मूठभर कवडी वर दिसली की अख्ख्या गाडीची प्रत खाली येते. म्हणून जाणत्या वेचणाऱ्या बाया वावरातच कवडी वेगळी ठेवतात. प्लस बी खाली ठेवण्याचं खरं काम तिथंच होतं, आणि मजुरी मात्र किलोवर मिळते.