आजीला कोण विचारतं?



घरातली आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: "आता हलायचं नाही, पडून राहायचं." मायेनंच म्हणतात सगळे. म्हाताऱ्या माणसाला विश्रांती द्यावी, यात चुकीचं ते काय, असं शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटायचं. मग हे बदललं कसं आणि आपल्या सोलापुरापर्यंत कितपत पोचलं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

फिजिओथेरपीला सरकारी कागदावर भौतिकोपचार म्हणतात. आपण म्हणतो 'व्यायामवाल्या मॅडम'. या व्यवसायाची एक महत्त्वाची सुरुवात बायकांनीच केली. 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिश शिकलेल्या बायकांची संस्था काढली. तेव्हा मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालायचे आणि त्याचा बोभाटा झाला होता. म्हणून या चौघींनी कडक नियम केले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, पुरुषांना अंगभर मालिश करायचं नाही, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही, रोग्याला औषधं विकायची नाहीत. सरळ पोट भरणाऱ्या बायकांची अब्रू पणाला लागलेली, तेव्हा नियम असेच होणार. पण खाटेवरच्या माणसाला काय हवं आहे, हे विचारायचा नियम त्यात नव्हता. ठरवायचं डॉक्टरांनी, करायचं हिनं.

पुढची गोष्टही एका बाईचीच. डॉ. मार्जरी वॉरेन. 1935 साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचं अनाथ-गरिबांचं रुग्णघर ताब्यात घेतलं आणि तिथले 714 रोगी या बाईंकडे आले. बरेचसे म्हातारे, कित्येक वर्षं अंथरुणातच. कुणाला अर्धांगवायू झालेला, कुणाचं हाड मोडून तसंच राहिलेलं, आणि कुणी का झोपून आहे हेही कुणाला सांगता येईना. जेवण खाटेवर, आंघोळ खाटेवर. कुणी छळ करत होतं असं नाही हो. "म्हातारे आहेत, आता काय व्हायचं" एवढंच सगळ्यांनी धरलेलं होतं.

वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. तोवर तेवढंही झालेलं नव्हतं. कोण बसू शकेल, कोण आधारानं उभं राहील, कुणाला खरंच झोपूनच ठेवावं लागेल, अशा वेगवेगळ्या याद्या केल्या. व्यायाम सुरू केला, डॉक्टर, परिचारिका, फिजिओ सगळ्यांना एका कामाला लावलं. वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं उठली, कित्येक आपापल्या घरी गेली. 'वय झालं' हा काही रोग नाही, असं त्यांनी 1940 नंतरच्या आपल्या लेखांतून डॉक्टर मंडळींना ठणकावून सांगितलं. पाठोपाठ 1947 साली रिचर्ड ॲशर नावाच्या डॉक्टरांनी नुसतं पडून राहिल्यानं काय काय होतं ते लिहिलं: रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा, छातीत कफ, हाडं ठिसूळ, स्नायू वाळलेले. आपल्याकडेही पूर्वी खुबा मोडला की पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. आता शक्य तिथे ऑपरेशन करतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच उभं करायला बघतात.

आता महाराष्ट्राकडे येऊ. 1952 साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळ्या पडलेल्या पोरांना चालवायचं कुणी? या गरजेतून पुढच्याच वर्षी केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली. 1955 साली फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली.

म्हणजे बघा, आपल्याकडे ही विद्या लेकरांसाठी आली. लेकराला कोण विचारणार? आई-बाप बोलायचे, आई-बाप ठरवायचे, आणि ते बरोबरच होतं. आम्हाला वाटतं, तीच सवय पुढे राहिली. खाटेवर चार वर्षांच्या पोराऐवजी सत्तर वर्षांची आजी आली, तरी डॉक्टर बोलतात ते शेजारी उभ्या असलेल्या मुलाशी. "यांना चालवता का?" "जेवतात का?" आजी तिथंच असते, कानानं ठणठणीत.

सोलापुरात 1963 साली डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि आपल्या सिव्हिलला त्याचा आधार मिळाला. पण इथले गुडघे आणि पाठी त्याच्या कितीतरी आधीपासून झिजत होत्या. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, तिच्या मागोमाग इतर गिरण्या, हातमाग, मग यंत्रमाग. पुरुष मागावर उभे आणि बायका विडीला बसलेल्या. पान भिजवायचं, कातरीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, मान खाली. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी बसलेली पोर साठीला पोचली तरी तशीच बसलेली.

अशी बाई गुडघे धरून दवाखान्यात येते, तेव्हा तिला बहुधा सांगतात, "खाली बसायचं बंद करा. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका." गुडघ्याच्या दृष्टीनं सल्ला खोटा नाही. पण विडीचा हिशेब हजारावर असतो. खाली बसणं बंद म्हणजे मजुरी बंद. संडास खाली बसायचा, चूल-शेगडी बऱ्याच घरांत खालीच, भजनाला खाली, नमाजालाही खालीच. तिला सांगितलं 'बसू नका', आणि ती मान डोलावून घरी येऊन सूप घेऊन बसली, तर पुढच्या खेपेला तिला रागावतात, "ऐकत नाही म्हातारी." ऐकणार कशी ती?

खरा निर्णय इथं घ्यावा लागतो, आणि तो एकट्या हाडाचा नसतो. जाणत्या फिजिओ आधी विचारतात, दिवसातून किती वेळ बसता, उठताना कशाला धरता, घरात पाट आहे का. मग मधले रस्ते निघतात. पाठ भिंतीला टेकवून, ढुंगणाखाली उंच पाट किंवा घडी घातलेलं जुनं पांघरूण घेऊन बसणं. एक पाय लांब, थोड्या वेळानं दुसरा. विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की उठून दाराशी जाऊन येणं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, तो तर बसल्या जागीही होतो. आणि हे सांगताना खरंही सांगायला हवं: गुडघा नवा होणार नाही, दुखणं कमी होईल, एवढं केलं तर अमुक, नाही केलं तर तमुक. त्यातून काय घ्यायचं ते तिनं ठरवायचं. नुसत्या मशीनच्या शेकावर महिनाभर पैसे घालवायला लावणं आम्हाला पटत नाही. शेकानं बरं वाटतं, पण ताकद यायला व्यायामच लागतो.

ताकद येते का या वयात? येते. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलायचा व्यायाम दिला होता. 1990 साली त्याचा अहवाल छापून आला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दहाच माणसं होती, हे खरं. पण 'वय झालं' म्हणून हात वर करणाऱ्यांना त्यानंतर थोडं जपून बोलावं लागलं.

म्हाताऱ्या माणसाचा तोल बघायची एक परीक्षा जगभर चालते. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून येऊन परत खुर्चीत बसायचं. किती सेकंद लागले ते मोजतात. 1991 सालची आहे ती, कॅनडातली. परीक्षा चांगली आहे, पण आमच्या विडीवाल्या मावशीच्या घरात खुर्ची असेलच असं नाही. तिची परीक्षा जमिनीवरून उठताना होते.

भाषेचंही तसंच. पूर्व भागातल्या कितीतरी आज्या तेलुगू बोलणाऱ्या, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. व्यायामाची चिठ्ठी मराठीत किंवा इंग्रजीत. सून मधे उभी राहून सांगते आणि तिला जेवढं महत्त्वाचं वाटतं तेवढंच पुढे जातं.

आता कायद्याचं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका 44 वर्षांच्या बाईचं प्रकरण होतं. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिची पिशवी काढली होती. न्यायालयानं सांगितलं, शहाण्या, सज्ञान माणसाच्या शरीराबद्दल संमती त्यानंच द्यायची. जिवावरचं तातडीचं काही नसेल, तर आईचीही चालत नाही. निकाल ऑपरेशनचा आहे. पण आईची संमती लेकीला लागू होत नसेल, तर लेकाची आईला कशी होईल?

दोन वर्षांनी, 2010 साली, केंद्र सरकारनं वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी 10 खाटा आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. कागदावर छान आहे. पण 2006 साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत झाली, तिथली आजी रोज व्यायामाला शहरात येणार कशी? रिक्षाचं भाडं तिच्या दिवसाच्या विड्या खाऊन टाकतं. म्हणून व्यायाम ठरवताना किती खेपा परवडतील हे आधी विचारणं, हाही उपचाराचाच भाग.

आजीचं 'नको' कसं ऐकायचं, तेही अवघडच आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उभं करायला गेलं की ती म्हणते, "नको, मला मरू द्या." ते ऐकून फिजिओनं निघून जायचं का? की ओढून उभं करायचं? आम्हाला दोन्ही पटत नाही. दुखण्याचं औषध देऊन तासाभरानं परत यावं, पुन्हा विचारावं. पुष्कळदा दुसऱ्यांदा उत्तर बदलतं. पण सगळं समजून, शांतपणे चार-चार वेळा ती नको म्हणाली, तर ते नकोच. आणि पडायची जोखीम पत्करूनही तिला काठी टेकत सिद्धेश्वराला जायचं असेल, तर खोलीत कोंडून तिला सुरक्षित ठेवणारे आपण कोण?

आणखी एकजण आहे, जिला कुणी विचारत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना सांगतात, "घरी दिवसातून तीनदा व्यायाम करून घ्या." हे कुणाला सांगतात? सुनेला. तिनं विड्या वळायच्या, पोरांचे डबे करायचे, आणि सासूला काखेत धरून उभं करायचं. कसं धरायचं ते बहुधा कुणी दाखवत नाही. मग दोन महिन्यांत तिचीच पाठ धरते. तेव्हा मैत्रिणींनो, दवाखान्यातून निघायच्या आधी मॅडमना सांगा, "आजींना कसं उठवायचं ते माझ्या हातानं करून दाखवा." तीनदा जमत नसेल तर दोनदा जमेल, हेही तिथंच, आजींच्या देखत बोलून घ्या.